रानडुक्कर आणि खवले मांजर : एकाच शिवारातले दोन न्याय

जंगली जनावर म्हटले, की शेतकऱ्याच्या तोंडी पहिले नाव येते ते रानडुकराचे. भात पोटरीत आला, भुईमुगाच्या आऱ्या सुटल्या, मक्याची कणसे भरली, की याची हजेरी ठरलेली. रात्रीत कळप येतो आणि सकाळी शेतात नांगरट केल्यासारखी जमीन उकरलेली दिसते. खवले मांजराचे तसे नाही. त्याचा राबता याच शिवारात, याच बांधाखाली, याच वारुळांवर. पण सबंध आयुष्यात ते एकदाही न पाहिलेला शेतकरी गावागणिक भेटेल. एक जनावर सगळ्यांच्या शिव्या खाणारे, दुसरे कोणाच्या ध्यानीमनी नसलेले.

गंमत अशी, की कायद्याच्या पुस्तकात ही दोन्ही जनावरे आहेत, पण दोघांना न्याय वेगळा. एकाला मारायची परवानगी रीतसर अर्ज केल्यावर मिळू शकते. दुसऱ्याचा एक खवला खिशात सापडला तरी तुरुंगाची वाट. हा फरक का, असा प्रश्न ग्रामसभेत हमखास निघतो. ‘सरकारला डुकराचा पुळका आणि शेतकऱ्याचा राग’ असे बोलले जाते. पीक गेलेल्या माणसाने असे बोलणे समजू शकते. पण फरक नेमका कशाने पडला ते नीट समजून घेतले, तर आपल्या हक्काचे काय आणि आपल्या अंगाशी येणारे काय, हे दोन्ही कळते. म्हणून हा लेखप्रपंच.

नात्याने दोघे एकमेकांचे कोणीच नाहीत

खवले मांजराला आपण मांजर म्हणतो ते केवळ नावापुरते. ते मांजर नव्हे. दोन्ही प्राणी पिलांना दूध पाजणारे, म्हणजे सस्तन, साम्य एवढेच. रानडुक्कर दुभंगलेल्या खुरांचे, म्हणजे गाई-म्हशी आणि हरणांच्या मोठ्या गोतातले. आपल्या पाळीव डुकराचा मूळ पुरुष हाच. खवले मांजराचा गण स्वतंत्र आहे. जगात त्याच्या आठच जाती उरल्या आहेत. चार आशियात आणि चार आफ्रिकेत. भारतात दोन आढळतात. ईशान्येकडे चिनी खवले मांजर, आणि आपल्याकडे कोकणापासून विदर्भापर्यंत दिसते ते भारतीय खवले मांजर.

अंगभर खवले असलेला सस्तन प्राणी जगात हाच एक. हे खवले केराटिनचे, म्हणजे आपली नखे आणि बैलाची शिंगे ज्या द्रव्याची बनतात त्याच द्रव्याचे. त्यात औषधी काही नाही. मूळव्याधीवर खवल्याची अंगठी, दम्यावर खवल्याची पूड, असल्या गोष्टी सांगणारे भेटतात. त्यांना सांगावे, की मग स्वतःचे नखच उगाळून घ्या, गुण सारखाच येईल आणि खटलाही होणार नाही.

या प्राण्याला दात नाहीत. लांब चिकट जीभ वारुळात घालून मुंग्या आणि वाळवी टिपायची, एवढाच त्याचा उद्योग. पुढच्या पायांची नखे मजबूत. त्यांनी वारूळ फोडायचे आणि त्यांनीच बीळ खणायचे. दिवसा बिळात, रात्री बाहेर. संकट आले की पळायचे नाही, अंगाचे वेटोळे करून चेंडू व्हायचे. बिबट्याच्या दातांपुढे हा चेंडू टिकतो. माणसापुढे मात्र हीच सवय त्याच्या मुळावर येते, कारण माणूस तो चेंडू सरळ उचलून पोत्यात घालतो.

रानडुकराचे सगळे उलटे. कंद, मुळे, धान्य, फळे, गांडुळे, हुमणीच्या अळ्या, मेलेले जनावर. पुढे येईल ते खाणार. नजर बेताची, पण नाक इतके तिखट की जमिनीखालचा भुईमूग, कणगर आणि सुरण त्याला वासाने कळतो. पूर्ण वाढलेला नर शंभर किलोच्या वर जातो आणि जखमी झाला तर माणसाचे पोट फाडतो. खवले मांजर दहा ते सोळा किलोच्या घरातले. त्याने माणसावर चाल करून जाण्याचा प्रश्नच येत नाही.

सगळा हिशेब विणीचा

कायद्यातल्या फरकाचे खरे मूळ विणीत आहे. ज्याने शेळ्या आणि म्हशी दोन्ही पाळल्या, त्याला हे वेगळे सांगायला नको. शेळीचा कळप दोन-तीन वर्षांत उभा राहतो. म्हशी वाढवायला जन्म जातो.

रानडुकरीण साधारण पावणेचार महिने गाभण राहते आणि एका वेताला चार-सहा पिले देते. पिलांच्या अंगावर पट्टे असतात. त्यांतली मादी वर्ष-दीड वर्षात स्वतः विण्याजोगी होते. निम्मी पिले मेली असे धरले तरी एका डुकरिणीमागे चार वर्षांत आठ-दहा जनावरे उभी राहतात, आणि त्यांच्या पोटच्यांचा हिशेब वेगळाच. खवले मांजराची मादी एका वेळी बहुधा एकच पिल्लू देते आणि ते शेपटीच्या बुडाशी पाठीवर घेऊन हिंडते. म्हणजे चार वर्षांत फार तर चार पिले, तीही सगळी जगली तर. तुमच्या डोंगरातून एका वर्षात पाच खवले मांजरे गेली, तर ती जागा भरून यायला किती वर्षे लागतील याचा हिशेब आपणच करावा.

शिवाय खवले मांजर पाळून वाढवणे महाकठीण. त्याचे खाणे ठरावीक, त्यात ते धास्तीने मरते. ओडिशातील नंदनकानन प्राणिसंग्रहालयात त्याच्या विणीत यश आले आहे, पण ते काम तज्ज्ञांचे. हौस म्हणून कोणी घरात आणले तर काही दिवसांत ते मरणार, हे धरून चालावे.

आता जगाची यादी पाहू. आययूसीएन ही आंतरराष्ट्रीय संस्था कोणता प्राणी किती धोक्यात आहे याची ‘लाल यादी’ ठेवते. त्या यादीत रानडुक्कर ‘चिंता नाही’ अशा गटात आहे. युरोपपासून जपानपर्यंत त्याचा मूळ वावर. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात तर माणसाने नेलेली डुकरे रानटी होऊन तिथल्या शेतकऱ्यांचीही डोकेदुखी झाली आहेत. भारतीय खवले मांजर ‘संकटग्रस्त’ गटात आहे. त्याचा चिनी भाऊबंद तर ‘अतिसंकटग्रस्त’. जंगली प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा करार, ज्याला साइट्स म्हणतात, त्याच्या २०१६ च्या जोहान्सबर्ग परिषदेत आठही जातींचा व्यापार पूर्ण बंद करण्याचे ठरले. चीनने २०२० मध्ये आपल्या अधिकृत औषधसूचीतून खवले काढून टाकले. तरी चोरटा धंदा थांबलेला नाही. ‘ट्रॅफिक’ या संस्थेच्या नोंदीनुसार २०१८ ते २०२२ या पाच वर्षांत भारतात ३४२ प्रकरणांत मिळून १२०३ खवले मांजरे पकडली गेली. ही फक्त पकडलेली. न पकडलेल्यांची गणती कोण करणार?

कायदा काय म्हणतो

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. पूर्वी सहा परिशिष्टे होती, आता चार आहेत. प्राण्यांसाठी मुख्यतः पहिली दोन. पहिल्यात अत्यंत कडक संरक्षण, दुसऱ्यात त्याखालोखाल. खवले मांजर आधीही पहिल्या परिशिष्टात होते, आजही तिथेच आहे. म्हणजे वाघाच्या पंगतीला. रानडुक्कर पूर्वी तिसऱ्या परिशिष्टात होते, ते आता दुसऱ्यात आले आहे.

‘तिसऱ्यातून दुसऱ्यात गेले म्हणजे संरक्षण वाढवले आणि आता डुकराला हात लावता येणार नाही’ असा समज अनेक गावांत आहे. तो बरोबर नाही. परिशिष्टेच कमी झाली, म्हणून क्रमांक बदलला. कायद्याच्या कलम ११ नुसार दुसऱ्या परिशिष्टातला प्राणी माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोकादायक ठरला, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी आदेशाने त्याच्या शिकारीची परवानगी देऊ शकतो. या ‘मालमत्ते’त उभे पीक येते, असे कायद्यातच लिहिलेले आहे. पहिल्या परिशिष्टातल्या प्राण्याला मात्र पीक खाल्ले म्हणून मारता येत नाही.

यापुढची पायरी म्हणजे कलम ६२. केंद्र सरकार दुसऱ्या परिशिष्टातला प्राणी ठरावीक भागात, ठरावीक मुदतीसाठी ‘उपद्रवी’ जाहीर करू शकते. २०१५-१६ मध्ये बिहार आणि उत्तराखंडच्या काही जिल्ह्यांत रानडुकराबाबत असे झाले होते. केरळने हीच मागणी पुनःपुन्हा केली, पण केंद्राने मान्य केली नाही. तेव्हा केरळने २०२२ मध्ये दुसरा मार्ग काढला. परवानगी देण्याचा अधिकारच स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांकडे सोपवला. गावाच्या गरजेचा निर्णय गावाजवळ व्हावा, हा त्यातला विचार आपल्या लोकप्रतिनिधींनीही अभ्यासण्यासारखा आहे. पीक आठवड्यात काढणीला यायचे आणि परवानगीचा कागद महिन्याने हातात पडायचा, तर त्या कागदाचा उपयोग काय?

परवानगी मिळाली तरी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. आदेशात लिहिले असेल त्याच रीतीने आणि त्याच मुदतीत कारवाई करायची. आणि मारलेले डुक्कर ही सरकारी मालमत्ता. त्याची विल्हेवाट वन विभाग सांगेल तशी. मटण वाटून घेतले की तोच गुन्हा. रस्त्यावर गाडीखाली मेलेले डुक्कर घरी आणले, तरीही गुन्हाच.

शिक्षेतही फरक आहे. पहिल्या परिशिष्टातल्या प्राण्याच्या गुन्ह्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद, शिवाय किमान २५ हजार रुपये दंड. इतर बहुतेक गुन्ह्यांना तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘आम्हाला माहीत नव्हते’ ही सबब कोर्टात चालत नाही.

तार लावता डुकरासाठी, मरते कोण?

इथे या दोन जनावरांची गाठ पडते, आणि आपलीही.

डुकराला वैतागून काही जण घरच्या मीटरवरून किंवा खांबावर आकडा टाकून शेताभोवती उघडी तार सोडतात. २३० व्होल्टचा प्रवाह डुक्कर, कुत्रे, गाय आणि माणूस यांत भेद करत नाही. पहाटे पाणी सोडायला गेलेला शेजारी, बांधावरून जाणारी मजूर बाई, आपलाच विसरभोळा पोरगा. वर्तमानपत्रात अशा बातम्या दर हंगामात येतात. माणूस गेला तर मनुष्यवधापर्यंतचा गुन्हा, आकडा असेल तर विद्युत कायदा २००३ खाली वीजचोरीचा वेगळा. पाच पोती भातासाठी घर बसले, असे होऊ नये.

त्याच तारेत, त्याच फासकीत खवले मांजर आणि बिबट्याही अडकतो. फासकीला काय कळते आत डुक्कर आहे की बिबट्या? अशा वेळी पहिल्या परिशिष्टाचा गुन्हा शेतकऱ्याच्या माथी बसतो. गावठी बॉम्बचे तेच. डुकरासाठी ठेवलेला गोळा चरायला गेलेली गाय चावते आणि जबडा उडतो.

सौर कुंपण त्या मानाने सुरक्षित. त्यात बॅटरीवरचे यंत्र थांबून थांबून क्षणभराचे झटके देते, जीव घेत नाही. पण तिथेही थोडी दक्षता हवी. दक्षिण आफ्रिकेतले खवले मांजर मागच्या दोन पायांवर चालते. पोटाला खालची तार लागली, की सवयीने वेटोळे करते आणि तारेलाच मिठी मारून बसते. मग झटक्यामागून झटके बसून मरते. तिकडे या प्राण्याच्या मृत्यूचे हे एक मोठे कारण मानले जाते. आपले खवले मांजर बहुधा चार पायांवर चालते, तरी वेटोळ्याची सवय तीच. म्हणून सर्वांत खालची तार जमिनीला टेकवून न ठेवता साधारण फूटभर उंचीवर ठेवावी. डुकराचे नाक तेवढ्या उंचीवर सापडतेच. तारेखालचे गवत काढावे, म्हणजे प्रवाहही गळत नाही. सकाळी यंत्र बंद करून एक फेरी मारावी. पीक निघाले की कुंपण बंद.

शेतकऱ्याने करायचे ते

डुकराचा बंदोबस्त एका उपायाने होत नाही. बुजगावणे चार दिवस चालते, पाचव्या दिवशी डुक्कर त्याच्या सावलीत बसते. उपाय आलटून-पालटून करावे लागतात.

एक, कुंपण एकट्याने न करता पट्ट्यातल्या सर्वांनी मिळून करावे. एकट्याच्या कुंपणाने डुक्कर शेजाऱ्याकडे जाते आणि भांडण मात्र आपल्या दारी येते. जंगलालगतच्या गावांसाठी राज्यात डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आहे. तीत सौर कुंपणाला अनुदान दिले जाते. आपले गाव बसते का, याची चौकशी वनपरिक्षेत्र कार्यालयात करावी.

दोन, लपण मोडावे. मुंबईला गेलेल्या भावकीची पड जमीन, त्यात माजलेली झुडपे, हेच डुकराचे दिवसाचे घर. गावठाणालगतचे असे पट्टे ग्रामपंचायतीने ठराव करून साफ करून घ्यावेत. खरकटे आणि कोंबड्यांची घाण ओढ्यात टाकणे बंद करावे.

तीन, कडेच्या ओळी. भुईमूग किंवा मक्याभोवती दाट एरंडीच्या ओळी लावल्या तर डुकराला आतल्या पिकाचा वास कमी लागतो आणि एरंडी ते खात नाही. हैदराबादच्या कृषी विद्यापीठात यावर काम झाले आहे. रब्बीत काटेरी करडईचा पट्टाही उपयोगी पडतो. खर्च थोडा, आणि एरंडीचे बी विकता येते ते वेगळेच.

चार, नुकसान झाले तर त्याच दिवशी फोटो काढून लेखी अर्ज द्यावा. भरपाईचे प्रकरण रखडते ते बहुतेक वेळा उशिरा दिलेल्या अर्जाने आणि सातबाऱ्यावर पीक न नोंदवल्याने. ई-पीक पाहणी केलेली असावी. पंचनाम्याला वन, महसूल आणि कृषी या तिन्ही खात्यांची माणसे एकत्र यावीत, यासाठी सरपंच आणि पोलीस पाटलांनी पाठपुरावा करावा. पंचनामा शेतात उभे राहून व्हावा, चावडीत बसून नव्हे. ही अपेक्षा शेतकऱ्याने आम्हा कर्मचाऱ्यांकडून ठेवलीच पाहिजे.

पाच, विमा. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले, की २०२६ च्या खरिपापासून पंतप्रधान पीक विमा योजनेत जंगली जनावरांनी केलेले नुकसान जादा संरक्षण म्हणून घेता येईल. मात्र कोणती जनावरे आणि कोणते भाग, हे राज्याने अधिसूचित करायचे आहे. नुकसानीची माहिती ७२ तासांच्या आत विम्याच्या अ‍ॅपवर फोटोसह द्यायची आहे. तेव्हा हप्ता भरण्यापूर्वीच आपला जिल्हा त्यात आहे का, हे विचारून घ्यावे.

आणि खवले मांजरासाठी?

त्याच्यासाठी खर्च काहीच नाही, फक्त गप्प बसायचे आहे. शिवारात दिसले तर त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्यावे. फोटो काढून जागेच्या नावासकट मोबाइलवर पाठवू नये. तुमचा फोटो चोराला पत्ता सांगतो. विहिरीत पडले, घरात शिरले, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. ‘लाखो रुपयांना घेतो’ म्हणणारा माणूस गावात आला, तर त्याचीही खबर तिथेच द्यावी. त्या लाखांतला एक रुपयाही गावच्या पोराला दिसत नाही. दिसतो तो जामीनदार शोधणारा बाप.

आंबा-काजूच्या बागायतदारांनी आणखी एक विचार करावा. वाळवीसाठी आपण बुंध्याशी औषध ओततो, पैसे मोजतो. ज्याचा धंदाच वाळवी खाण्याचा, तो रात्रपाळीचा गडी बिनपगारी राबतो आहे. बागेतली सगळी वाळवी तो संपवील असे नव्हे, पण त्याची नोकरी आपण का घालवावी? कडेचे वारूळ आणि जुने बीळ जेसीबीने सपाट करण्यापूर्वी एकदा पाहावे.

रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावोगाव या प्राण्याचे काम केले आहे. डुगवे गावाने तर पालखीसह खवलोत्सव साजरा केला. फेब्रुवारीतला तिसरा शनिवार जागतिक खवले मांजर दिन असतो. त्या दिवशी शाळेत एक तास जरी यावर बोलणे झाले, तरी पुष्कळ. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने नोंदवहीत या प्राण्याची नोंद करावी, पण बिळाची नेमकी जागा चारचौघांत वाचून दाखवू नये.

डुक्कर पुष्कळ आहे, म्हणून कायद्याने त्याच्याबाबत शेतकऱ्याला वाट ठेवली आहे. ती वाट सोपी आणि वेळेवर व्हावी ही मागणी न्यायाची आहे आणि ती ठणकावून करावी. खवले मांजर थोडे आहे, म्हणून तिथे वाट नाही, आणि शेतकऱ्याला ती हवीशी वाटण्याचे कारणही नाही. त्याने कोणाचे कणीस कधी मोडलेले नाही. फक्त डुकरावरचा राग तारेतून सोडू नये. तारेला डुक्कर ओळखता येत नाही. खरिपाच्या कुंपणाची तयारी सुरू करण्याआधी, प्रत्येकाने आपल्या बांधावर कोणती तार कुठून कुठे गेली आहे, ती एकदा दिवसाउजेडी पाहून घ्यावी.